हात भरून येतात, पण दुखणं हातात नसतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. वय २९, अडीच वर्षं ज्युडो, सोबत आठवड्यातून तीनदा जिम, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) १२० किलोपर्यंत. तरीही रांदोरीत, म्हणजे ज्युडोच्या सरावाच्या मोकळ्या लढतीत, दोन मिनिटं झाली की कोपराखालचे दोन्ही हात दगडासारखे भरून येतात आणि तुमच्यापेक्षा दहा-बारा किलोनं हलका मुलगा तुम्हाला इकडून तिकडे नेतो. सर म्हणतात, "हातानं नको, सगळ्या अंगानं खेळ." कसं, ते विचारलं की म्हणतात, येईल हळूहळू. इंटरनेटवर कुणी सांगतं पोट-कंबर मजबूत करा, कुणी सांगतं चिनी पद्धतीनं तासभर स्तब्ध उभे राहा, कुणी आतली ऊर्जा जागवायला सांगतं. यातलं खरं काय आणि सुरुवात कुठून करायची, हा तुमचा प्रश्न.

मी मातीतला माणूस आहे. लहानपणी कोल्हापूरकडच्या गावच्या तालमीत उतरलो, पुढं मल्लखांब केला आणि आता बरीच वर्षं मुलांना माती आणि गादी दोन्हींवर शिकवतो. ज्युडोची बाही-कॉलरची पकड मी सरावापुरतीच हाताळली आहे, त्यामुळं पकडीच्या बारकाव्यांत तुमच्या सरांचा शब्द प्रमाण माना. पण अंग एकसंध कसं होतं आणि ते आतून कसं जाणवतं, हा विषय कुस्तीत आणि ज्युडोत वेगळा नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, पायातून आलेला जोर हातापर्यंत पोचत का नाही. दुसरा, तो वाटेत कुठं अडतो हे तुम्हाला आतून कळत का नाही. पहिल्यावर व्यायाम सांगणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते दुसरा सुटल्याशिवाय पहिला सुटत नाही. आपला खांदा वर चढलाय हेच ज्याला कळत नाही त्याला "खांदा सोड" म्हणून काय उपयोग? तो सांगितल्यावर सोडतो, आणि पुढच्या श्वासाला खांदा परत कानाशी जातो.

गावाकडचा हापसा आठवा. सुट्टीत शहरातून आलेला मुलगा दांडा दंडाच्या जोरावर खाली ओढतो आणि एक घागर भरेपर्यंत धापा टाकायला लागतो. रोज पाणी भरणारी आजी दांड्यावर हात ठेवते आणि कंबरेतून अंग खाली सोडते. दांडा तिच्या वजनानं खाली जातो, हात नुसते टेकलेले असतात. तिच्या दंडात तुमच्या निम्मी ताकद नसेल, पण ती चार घागरी भरून वर शेजारणीशी बोलत उभी राहते.

हे असं का होतं ते शरीराच्या रचनेतही दिसतं. पाठीवरचा सगळ्यात रुंद स्नायू, लॅटिसिमस डॉर्सी, कंबरेच्या मणक्यांपासून आणि कंबरेच्या हाडाच्या कडेपासून निघतो आणि दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. म्हणजे दंड ओढणारा हा मोठा स्नायू मुळात कंबरेतून निघालेला आहे. कंबरेवर एक जाड पापुद्र्यासारखं आवरण असतं. या स्नायूचे धागे आणि पलीकडच्या बाजूच्या नितंबाच्या मोठ्या स्नायूचे धागे त्या आवरणात येऊन मिळतात. उजव्या हातानं ओढताना डाव्या नितंबात काहीतरी जाग यायला हवी, ती यामुळंच. ती आली नाही तर सगळी ओढ बोटांवर आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर पडते. आणि स्नायू जोरात आवळून धरला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दबतात, रक्त पुरेसं खेळत नाही, म्हणून सतत आवळलेली मूठ भरून येते. मुठीला मध्ये मध्ये सैल पडायला मिळालं पाहिजे, आणि ते तेव्हाच मिळतं जेव्हा तिचं काम पाठ आणि पाय उचलतात.

आता मला हे कसं कळलं ते सांगतो, कारण त्यातच तुमच्यासाठी पहिला उपाय आहे. तालमीत गेलो तेव्हा वस्तादांनी पहिले कित्येक महिने मला लढतच दिली नाही. पहाटे हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, एवढंच काम. हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असते आणि रोजच्या लढतींनी ती दबून घट्ट बसते. खोऱ्यानं उकरून, उलटून ती भुसभुशीत करावी लागते, नाहीतर पडणाऱ्याचं अंग फुटतं. मी खोरं डोक्यावर नेऊन दणादण मारायचो. तिसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, पाण्यानं भरलेले फोड आले. शेजारी एक मोठा पैलवान तेच काम करायचा आणि त्याचे तळवे कोरडे असायचे.

मी त्याच्याकडे बघत राहायचो. खोरं वर जाताना त्याची एक मूठ दांड्यावरून सरकायची, दुसरी नुसती धरून असायची. खोरं खाली यायच्या आधी त्याचे गुडघे वाकायचे आणि कंबर मागं बसायची. पातं मातीत घुसायच्या क्षणी मूठ घट्ट व्हायची, तेवढ्यापुरतीच, आणि तोंडातून "हूं" असा श्वास निघायचा. माती ओढताना त्याचे हात वाकायचेच नाहीत. तो मागच्या पायावर बसायचा आणि माती त्याच्या मागोमाग यायची.

एका सकाळी वस्ताद माझ्यामागं येऊन उभे राहिले. काही न बोलता त्यांनी तळवा माझ्या खांद्याच्या फऱ्याखाली ठेवला. म्हणाले, "हितनं वड." मी ओढलं. "न्हाई, अजून हातानंच वडतोस." तळवा कंबरेवर सरकला. "हितनं." मी परत ओढलं, परत चुकलं. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. मग एकदा त्यांच्या तळव्याखाली माझी पाठ हलली, मला स्वतःला ती हललेली कळली, आणि खोरं एकदम हलकं आलं. त्यांनी हात काढला आणि दुसऱ्या पोराकडे गेले.

त्या तळव्यानं काय केलं असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. शिकवणारा म्हणतो पाठ वापर, पण शिकणाऱ्याला पाठ दिसत नाही, आणि जिथं कधी लक्षच गेलेलं नाही तिथं काय वापरायचं हे अंगाला कळत नाही. दुसऱ्याचा तळवा तिथं ठेवला की त्या जागेला पत्ता मिळतो. म्हणून तुमच्यासाठी पहिली गोष्ट हीच सांगतो. जोडीदाराची बाही ओढा, सावकाश, पावपट जोरानं. तिसऱ्या माणसाला तुमच्या फऱ्याखाली तळवा ठेवून उभं करा. तळव्याखाली काही हललं का, एवढंच त्यानं सांगायचं. ज्युडोच्या दिवशी पाच मिनिटं. यात पाडापाडी नाही, जिंकणं-हरणं नाही.

माणूस मिळाला नाही तर भिंत आहे. अनवाणी उभे राहा, डावा पाय पुढं, उजवा मागं. उजवा तळवा छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा, कोपर थोडं वाकलेलं आणि जमिनीकडे झुकलेलं. पावपट जोरानं ढकला आणि वीस सेकंद तसेच राहा. लक्ष मागच्या पायाच्या तळव्यावर. जोर थोडा वाढवला की तिथं दाब वाढलेला जाणवतो का? आता मुद्दाम खांदा कानाकडे न्या. बहुतेकांच्या बाबतीत पायाखालचा दाब पुसट होतो आणि सगळे कष्ट खांद्यात आणि दंडात गोळा होतात. खांदा सोडा, दाब परत पायात येऊ द्या. मग मुद्दाम पोट पुढं काढून कंबरेला बाक द्या. जोर आता कंबरेत अडतो, चिमटा बसल्यासारखं वाटतं. परत सरळ व्हा. मग गुडघा ताठ कुलूपबंद करून बघा.

मी मुलांना आधी चूक करायला लावतो, आणि ते जाणूनबुजून. बरोबर स्थिती कशी वाटते हे कुणी कुणाला शब्दांत सांगू शकत नाही. पण तुटलेलं आणि जोडलेलं, दोन्ही लागोपाठ दहा वेळा करून पाहिलं की दोन्हींमधला फरक अंगाच्या लक्षात राहतो. पुढं लढतीत खांदा चढला की तो फरक आपणहून टोचतो. मी ज्याला आतली जाणीव म्हणतो ती हीच. तिच्यात गूढ काही नाही. स्नायूंत आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात ताण आणि लांबी ओळखणारी संवेदक टोकं असतात, सांध्यांतही असतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०६ साली या संवेदनेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. ती प्रत्येकाला असते. फक्त लढतीच्या गडबडीत तिचा आवाज बारीक असतो, म्हणून ऐकायची सवय आधी शांतपणे लावावी लागते.

यापुढची पायरी माझ्या मते जोर, म्हणजे तळहात आणि पायांवर अंग तोलून खाली-वर करायची तालमीतली कसरत. शंभर जोर सलग काढणाऱ्या मुलांना मी दहा संथ जोरांत घामाघूम झालेलं पाहिलंय. खाली जायला आठ आकडे, छाती जमिनीलगत पुढं न्यायला चार, परत यायला आठ. परतीच्या वाटेवर नीट लक्ष द्या. बहुतेक जण खांद्यांनी स्वतःला मागं ढकलतात. ओटीपोटातून सुरुवात करून नितंब वर आणि मागं नेले, टाचा जमिनीकडे गेल्या, तर खांद्यांचं काम निम्म्यावर येतं. तळहाताच्या कोणत्या भागावर वजन आहे, ते मधेच कुठं उडी मारून सरकतं, हे पाहत राहा. वजन जिथं उडी मारतं तिथं तुमचं अंग तुटलेलं आहे, असं समजा आणि त्याच जागेतून पुन्हा, आणखी सावकाश जा.

याचा अर्थ आकडा वाईट असा घेऊ नका. तालमीत पाचशे बैठका मारायला लावतात त्याला कारण आहे. अंग थकलं की फालतू ताण धरून ठेवायला शिल्लकच राहत नाही, आणि मग हालचाल आपोआप काटकसरी होते. पण हे तेव्हाच घडतं जेव्हा घडण आधी बसलेली असते. घडण नसताना आकडा वाढवला तर चूक पक्की होते आणि गुडघे जातात. आधी संथ दहा, मग शंभर.

मल्लखांबाचा अनुभव घ्यायला मिळाला तर जरूर घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवसंजीवनी दिली ती मल्लांच्या कसरतीसाठीच, आणि आजही कुस्तीगिराला त्याचा थेट उपयोग होतो. गुळगुळीत सागवानी किंवा शिसवी खांब, त्यावर एरंडेलाचा हात फिरवलेला. पायांची अढी घालून हात सोडायचे. घाबरून सगळं अंग आवळलंत तर घसरता, सैल सोडलंत तरी घसरता. मांडीचा आतला भाग, पोटरी, पाऊल, पोट, प्रत्येकानं आपल्या वाट्याचं धरायचं आणि बाकीच्यांनी श्वासाला जागा द्यायची. हे वाटप खांब स्वतःच शिकवतो, कारण चुकलं की त्याच क्षणी त्वचेला कळतं. दादरला शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला गेला आहे. डोळ्यांशिवाय माणूस खांबावर उलटा राहू शकतो, हात सोडू शकतो, तर अंगाची अंगाला किती खबर असू शकते याचा अंदाज करा.

इथून मी स्पर्शाकडे येतो, कारण तुमचा खेळ शेवटी दुसऱ्या माणसासोबतचा आहे. कुस्ती लागल्यावर सुरुवातीला जी खडाखडी होते, मनगट, कोपर, मान चाचपणं, ती बघणाऱ्याला वेळकाढूपणा वाटते. खरं तर त्या वेळी दोघे एकमेकांचं वजन वाचत असतात. डोळ्यांनी पाहून प्रतिक्रिया द्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, स्पर्शावरून द्यायला त्याहून कमी. फरक थोडा वाटतो, पण पट काढणारा, म्हणजे पाय पकडून पाडू बघणारा, माणूस तेवढ्यात आत शिरलेला असतो. शिवाय डोळ्यांना पाय सरकलेला दिसतो, तर हाताला वजन सरकायच्या आधीचा ताण कळतो.

माझ्याकडे यासाठी एक सराव आहे. दोघांनी नेहमीची पकड घ्यायची, एकानं डोळे मिटायचे. दुसरा गादीवर सावकाश फिरतो, वजन या पायावरून त्या पायावर घेतो. डोळे मिटलेल्यानं काहीही करायचं नाही, फक्त तोंडानं सांगायचं, "डावा... डावा... उजवा... दोन्ही." चुकलं की जोडीदार "चूक" म्हणतो, बस. पहिल्या दिवशी निम्मी उत्तरं चुकतात. आणि एक गोष्ट दरवेळी दिसते: ज्याची मूठ घट्ट, त्याची उत्तरं जास्त चुकतात. स्वतःच्या मुठीचाच ताण इतका मोठा असतो की समोरच्याचा ताण त्यात ऐकू येत नाही. मुलं मग न सांगता मूठ सैल करतात, कारण त्यांना उत्तर बरोबर द्यायचं असतं. "मूठ सैल सोड" हे मी वर्षभर ओरडून जे झालं नाही, ते या खेळानं दोन आठवड्यांत होतं. ज्युडोत समोरच्याचा तोल काढण्याला कुझुशी म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच. तोल कुठं आहे हे कळल्याशिवाय तो काढणार कसा? चिनी ताईचीवाले हाताला हात लावून एकमेकांना ढकलण्याचा जो सराव करतात, त्याचाही गाभा मला हाच वाटतो.

आता तुमच्या स्तब्ध उभं राहण्याच्या प्रश्नाकडे. चिनी युद्धकलांत ही पद्धत आहे, तिला झान झुआंग म्हणतात: गुडघे किंचित वाकवून, मोठं झाड कवेत घेतल्यासारखे हात धरून उभं राहायचं. मी एक वर्ष रोज वीस मिनिटं करून पाहिलं. माझा अनुभव चांगला आहे. खांदे उतरले, पावलांत वजन कुठं आहे ते कळायला लागलं, जो ताण मी ताकद समजत होतो तो नुसता ताणच होता हे दिसलं. पण दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली, हाताला मुंग्या आल्या, तळवे गरम झाले, तर त्याला प्रगती समजू नका. हात बराच वेळ एका स्थितीत धरले की रक्ताभिसरणानं आणि शिरा दबल्यानं असं होतं. मोजायचं असेल तर हे मोजा की उभं राहून झाल्यावर कुणी तुमच्या कोपराला बाजूनं हळूच ढकललं तर तो दाब पायापर्यंत जातो की खांद्यातच अडतो. दुसरी, एकट्यानं शांत उभं असताना मिळालेली जोडणी समोर माणूस आला की पळते. म्हणून रोज दहा मिनिटं पुरेत, उरलेला वेळ जोडीदारासोबत घालवा. तासभर उभं राहा म्हणणाऱ्यांशी माझं इथं जमत नाही.

जिम बंद करू नका. १२० किलो उचलणारी पाठ वाया जात नाही. पण बार तुम्हाला उलटं ढकलत नाही, वळत नाही, फसवत नाही. तिथं दोन्ही हात सारखे, दोन्ही पाय सारखे, आणि जोर कधी लावायचा ते तुम्ही ठरवता. मोठं वजन उचलताना श्वास कोंडून पोट घट्ट करायची सवय लागते. पाच सेकंदांच्या उचलीला ते योग्य आहे. ज्युडोची लढत चार मिनिटांची, आणि तुम्ही बहुधा पकड घेतल्याक्षणी श्वास कोंडता. पुढच्या रांदोरीत जोडीदाराला सांगा, "माझा श्वास ऐकू येत नसेल तर मला सांग." खोरं मारणाऱ्या पैलवानाचा तो "हूं" लक्षात ठेवा. जोराच्या क्षणी थोडा श्वास बाहेर, मग आपोआप आत. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर श्वास कोंडून जोर लावूच नये. जिममध्ये भर घालायची तर एका हाताचं ओढणं घाला, केबलवर, विरुद्ध पाय पुढं ठेवून, उभ्यानं. वजन लाज वाटेल इतकं कमी घ्या आणि ओढ नितंबातून निघते का ते पाहा.

पायांबद्दल एक सांगायलाच हवं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि ५२ किलो गटात सहावे आले. मातीत घडलेल्या पैलवानाला तिथली गादी नवी होती. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमची मुलं मातीतून गादीवर जातात तेव्हा मला दरवेळी त्यांची आठवण येते. मातीत पायाची बोटं रुततात, जमीन तुम्हाला थोडी धरते. गादीवर पाऊल पसरून, अंगठ्याच्या मुळाशी आणि टाचेत वजन ठेवून उभं राहावं लागतं. पृष्ठभाग बदलला की पायापासूनची सगळी जोडणी पुन्हा शोधावी लागते. तुम्ही दिवसभर बुटात आणि खुर्चीत असाल, तर घरी तरी अनवाणी वावरा.

वेळ किती लागेल? हे खरंच माणसावर आहे. स्थिर स्थितीत, भिंतीला हात लावून, फरक दोन-तीन आठवड्यांत कळतो. संथ हालचालीत दोन महिने धरा. रांदोरीत उतरायला सहा महिने, आणि तेही रोज थोडं थोडं केलं तर. चाळिशीपुढच्या माणसाला संथ सराव जास्त मानवतो पण खांदे मोकळे व्हायला वेळ लागतो. ज्याला मणक्याचा किंवा खांद्याचा जुना त्रास आहे त्यानं संथ जोर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करावेत. जोडीदार कसा आहे यावरही फार अवलंबून आहे. प्रत्येक सरावात जिंकायलाच बघणारा जोडीदार असेल तर यातलं काहीही होणार नाही. कारण अंगाची जोडणी सगळ्यात आधी भीतीनं तुटते. पडायची भीती वाटली, हरायची लाज वाटली, की माणूस हातावर येतो. तुमचं दोन मिनिटांत होतं ते बऱ्याच अंशी हेच असणार. म्हणून आठवड्यातून एक दिवस अशी रांदोरी मागून घ्या जिच्यात तुम्ही पडणार हे आधीच ठरलेलं आहे. पडताना खांदा खाली आणि श्वास चालू, एवढंच सांभाळायचं.

मी स्वतः यात मोठी किंमत मोजली आहे. चोविसाव्या वर्षी एका मैदानाच्या तयारीत, समोर नावाजलेला मल्ल, बघायला गर्दी. ढाक हा कंबर वळवून पाडायचा डाव मारताना कंबर वळायच्या आधी मी हातानं खेचलं आणि उजव्या खांद्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. दीड महिना लढत बंद. परत उतरलो तेव्हा वस्तादांनी उजवा हात लंगोटात खोचायला लावला आणि पोरांबरोबर एका हातानं, हलक्या जोरानं खेळायला लावलं. पहिले आठ दिवस मी रडकुंडीला आलो, लहान लहान पोरं मला फिरवत होती. मग हळूहळू पाय शोधायला लागले. वळायचं तर हात नाही, म्हणजे कंबरेनंच आधी जायला हवं, आणि ती जायला लागली. तो सराव मी आज, कुणाला दुखापत झालेली नसतानाही, सगळ्यांना देतो. तुम्हीही करा: एक हात कंबरपट्ट्यात खोचून, हलक्या जोडीदारासोबत, तीन मिनिटं.

थोडक्यात तुमचा आठवडा असा लागेल. रोज सकाळी भिंत आणि दहा संथ जोर, त्याला पाव तास पुरतो. ज्युडोच्या दिवशी वर्गाच्या आधी पाच मिनिटं तळव्याचा सराव आणि पाच मिनिटं डोळे मिटून "डावा, उजवा". आठवड्यातून एकदा एका हाताची तीन मिनिटं आणि पडायची रांदोरी. स्तब्ध उभं राहणं जमेल तसं, दहा मिनिटांपुरतं. सहा आठवडे यात काही वाढवू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती कळवाल का? कोणता हात आधी भरतो? तुम्ही उजव्या पकडीनं खेळत असाल, म्हणजे उजवा हात कॉलरवर आणि डावा बाहीवर, आणि डावा आधी भरत असेल, तर ओढ पाठीतून निघत नाही, तिथं तळव्याचा सराव दुप्पट करा. उजवा आधी भरत असेल तर तुम्ही बहुधा ताठ हातानं समोरच्याला दूर ठेवताय, खांदा वर चढवून. मग भिंतीपासून सुरुवात करा आणि ओढण्याचं सध्या बाजूला ठेवा.